मुलगी म्हणते, जर्मनीला जाते!

ठाणे, कल्याण, डोंबिवली, कुठल्याही स्टेशनातून बाहेर पडा आणि जरा मान वर करून फलक वाचा. दहावी-बारावीच्या क्लासांच्या शेजारी हल्ली 'परदेशी शिक्षण' असाही एखादा फलक दिसतोच. तेव्हा मैत्रिणींनो, हा विषय तुमच्या घरातही कधी ना कधी निघाला असणार. मुलगी इंजिनिअरिंगच्या नाहीतर बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असते. रविवारी सगळे जेवायला बसलेले असताना ती आमटीत भात कालवत सहज म्हणते, "आई, मी पुढच्या वर्षी जर्मनीला जाते." वडील विचारतात, "किती लागतील?" आजी विचारतात, "आणि लग्नाचं काय?" तुम्ही मात्र गप्प बसता. विचारायचं खूप असतं, पण नेमकं काय विचारायचं तेच ठाऊक नसतं.

ते ठाऊक असावं म्हणून हा लेख. फॉर्म भरायचं काम मुलीचं आहे, ते तिलाच करू द्या. पण घर चालवताना आपण जसं वाण्याच्या बिलावरून एकदा नजर फिरवतो, तशी या कागदांवरूनही फिरवायला हवी. त्यासाठी इंग्रजी फाडफाड यायला लागतं असं मुळीच नाही.

आधी वडिलांच्या प्रश्नाचं बघू. परदेशातलं विद्यापीठ 'सरकारी' आहे म्हणजे ते स्वस्त असणार, असं आपल्याला वाटतं. आपल्याकडचा अनुभव तसा आहे ना! पण तिकडे प्रत्येक देशाची रीत निराळी. अमेरिकेतल्या राज्य विद्यापीठांत त्या राज्यातल्या मुलांना फी कमी आणि बाहेरच्यांना बरीच जास्त. इंग्लंडमधली बहुतेक विद्यापीठं सार्वजनिकच आहेत, तरी परदेशी मुलांची फी डोळे पांढरे करते. स्वीडनमध्ये पूर्वी फुकट होतं, तिथे २०११ पासून युरोपबाहेरच्यांना फी लागली. फिनलंडने २०१७ साली तेच केलं, नॉर्वेने २०२३ साली. जर्मनीत मात्र बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी मुलांनाही शिकवण्याची फी नाही. दर सेमिस्टरला शंभर ते चारशे युरोपर्यंत एक वर्गणी भरावी लागते, आणि पुष्कळ ठिकाणी तीतच बस-रेल्वेचा पास येतो. आपल्याकडची मुलं तिकडे ओढली जातात ती यामुळे.

'बहुतेक' म्हटलं, कारण अपवाद आहेत. जर्मनीत सोळा राज्यं आहेत आणि शिक्षणाचा कारभार राज्यांच्या हातात आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात (स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग ही शहरं तिथली) २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ पासून नव्याने येणाऱ्या अशा मुलांना फी लावली. तिथे मास्टर्सला सेमिस्टरला ४,००० किंवा ६,००० युरो पडतात. नाव मोठं म्हणून मुलीने म्युनिक यादीत अगदी वर लिहिलं असेल, तर हा आकडाही त्याच यादीत शेजारी लिहायला सांगा.

'मान्यताप्राप्त' म्हणजे सरकारी नव्हे

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याला अनुदानित शाळा आणि विनाअनुदानित शाळा यांतला फरक बरोबर कळतो. फलकावर दोघीही 'शासनमान्य' लिहितात, पण फीची पावती हातात आली की कळतं कोण कोणती! जर्मनीतही अगदी हेच आहे. तिथे 'श्टाटलिश' म्हणजे सरकारी. आणि 'श्टाटलिश आनेरकान्ट' म्हणजे सरकारने मान्यता दिलेलं, पण खासगी. दोन शब्दांत एवढासा फरक, पण फी वर्षाला दहा लाख रुपयांच्याही वर जाऊ शकते. खासगी संस्थांची पदवी खोटी असते असं मी म्हणत नाही. त्यांतल्या काही चांगल्याही आहेत. पण जर्मनीला जायचं ते फी वाचावी म्हणून, आणि मग फी भरूनच जायचं, तर जर्मनीच कशाला?

गोम अशी आहे की सल्ला देणाऱ्या पुष्कळ संस्थांना कमिशन मिळतं ते खासगी विद्यापीठांकडून. सरकारी विद्यापीठ मुलगी पाठवल्याबद्दल कुणाला दमडी देत नाही. त्यामुळे सल्लागार जेव्हा म्हणतो, "काकू, सरकारीत हिचा नंबर लागणं कठीण आहे, पण या युनिव्हर्सिटीचं पत्र आठ दिवसांत आणून देतो," तेव्हा ते आठ दिवस कुठून आले याचा विचार करा. माझ्या ओळखीच्या एका बाईंना असंच पत्र आणून दिलं होतं. पत्रावर बर्लिनचं नाव, शिक्का, सगळं झोकदार. बाईंनी दोनच प्रश्न केले, "हे सरकारी का? आणि वर्ग रोज भरतात का?" पहिल्याचं उत्तर आलं, "मान्यता आहे ना!" आणि दुसऱ्याचं आलं, "काही ऑनलाइन, काही तिथे." बाई उठून आल्या. दुसरा प्रश्नही काही उगीच नव्हता. २०२५ साली बर्लिनमधल्या एका खासगी विद्यापीठातल्या काही भारतीय मुलांना तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीने परत जायला सांगितलं होतं. कारण हेच, की अभ्यासक्रम घरबसल्याही करता येण्यासारखा आहे, तेव्हा जर्मनीत राहायची गरज काय?

विद्यापीठ सरकारी की खासगी ते घरी बसून पाहता येतं. 'होखशूलकोम्पास' नावाची तिथल्या सर्व उच्च शिक्षण संस्थांची अधिकृत सूची आहे. तीत प्रत्येक संस्थेपुढे ती सार्वजनिक की खासगी ते लिहिलेलं असतं. 'डाड' म्हणून तिथली विद्यार्थी देवाणघेवाणीची मोठी संस्था आहे. इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांची तिची सूची फुकट बघता येते, आणि त्यात फीचा रकाना असतो. मुलीला शेजारी बसवून तो रकाना तेवढा उघडायला सांगा. सरकारी विद्यापीठाचे काही नोकरदारांसाठीचे अभ्यासक्रम, एम. बी. ए.सारखे, फी घेऊनच चालतात. म्हणून विद्यापीठ सरकारी निघालं तरी अभ्यासक्रमाची फी निराळी पाहावी लागते.

आजींचा प्रश्न

लग्नाचा प्रश्न आजींनी विचारला म्हणून त्यांच्यावर चिडू नका. कल्याणच्याच जोशांची यमुना, म्हणजे आपल्या आनंदीबाई, नवव्या वर्षी लग्न होऊन गोपाळरावांच्या घरी आल्या. गोपाळराव पोस्टात होते, तेही कल्याणलाच. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. आणि गंमत बघा, प्रवेशाचं विनंतीपत्र त्यांनी लिहिलं ते अमेरिकेत पोचल्यावर! पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला १८ वर्षांची मुलगी स्वतःच कळवते, की मला काय काय येतं, काय येत नाही, आणि सगळ्यांचा विरोध पत्करून मी इथवर आले आहे त्याचा विचार व्हावा. हल्ली ज्याला 'मोटिव्हेशन लेटर' म्हणतात ते हेच. १८८६ च्या मार्चमध्ये त्यांना पदवी मिळाली.

जर्मनीचंच उदाहरण हवं तर इरावतीबाई कर्व्यांचं घ्या. १९२८ साली, लग्न झालेलं असताना, त्या बर्लिनला गेल्या आणि १९३० साली बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आल्या. पती दिनकरराव स्वतः जर्मनीत शिकून आलेले, त्यांचा पाठिंबा होता. विरोध होता तो सासऱ्यांचा. आणि सासरे कोण? महर्षी कर्वे, ज्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं! पैसा कर्जाऊ घेतला होता. तिकडे मार्गदर्शकांचा समज होता की माणसाच्या कवटीच्या ठेवणीवरून वंशाचं श्रेष्ठत्व कळतं. इरावतीबाईंनी मापं घेतली, हिशेब केला आणि तसं काही दिसत नाही असं त्याच मार्गदर्शकांना लिहून दिलं. हे आजींना दुपारी निवांत सांगण्यासारखं आहे.

तिशी-पस्तिशीतल्या मैत्रिणींनो, इरावतीबाईंचं ऐकून तुमच्याही मनात काही आलं असेल तर वयाची आडकाठी सहसा नाही. फरक पडतो तो विम्यात. विद्यार्थ्यांच्या सवलतीचा सरकारी आरोग्यविमा साधारण तिशीपर्यंतच मिळतो, पुढे महाग पडतो.

निवड कशी करायची

मुली यादी करतात ती विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकावरून. जर्मनीपुरती ही पद्धत फारशी कामाची नाही. तिथे अर्ज अडतो तो बहुधा विषयांवर. म्हणजे असं, की मास्टर्सचं विद्यापीठ सांगतं, अर्जदाराने पदवीला गणित इतकं, भौतिक इतकं, अमका विषय इतका शिकलेला असावा. हे तासांच्या हिशेबाने क्रेडिटमध्ये मोजतात, आणि तिथली तीन वर्षांची पदवी साधारण १८० क्रेडिटची असते. चांगले नव्वद टक्के मिळालेल्या मुलीचा अर्ज फेटाळला जातो आणि सत्तर टक्केवालीचा मंजूर होतो, तो यामुळे. तेव्हा अर्जाआधी मुलीने आपल्या अभ्यासक्रमाची प्रत काढून समोरच्या अटीशी विषयवार ताडून पाहिली का, एवढं विचारा. आपली तीन वर्षांची बी. एस्सी. काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी नाही, तेही तेव्हाच कळेल.

गुणांचाही तिकडे उलटा कारभार आहे. १ हा सगळ्यात चांगला आणि ४ म्हणजे जेमतेम पास. आपल्या दहापैकी आठ ग्रेडचं, पास व्हायला चार लागत असतील तर, तिथे २.० होतं. मुलगी म्हणाली, "आई, माझे दोन झाले," तर घाबरू नका, ते चांगलेच आहेत.

संस्था दोन प्रकारच्या आहेत. एक मोठी विद्यापीठं, जिथे सिद्धान्त आणि संशोधन जास्त. दुसऱ्या 'होखशूल' किंवा 'फाखहोखशूल', जिथे कारखान्याला लागेल असं शिक्षण जास्त. दुसरी म्हणजे कमी दर्जाची, असं समजू नका. मुलीला लवकर नोकरी हवी असेल तर उलट तीच बरी. गावही पाहा. आखेन, ड्रेस्डेन ही नावं आपल्या मुलांच्या तोंडी असतात. पण केम्निट्झ, माग्डेबुर्ग, इल्मेनाउ इथेही सरकारी विद्यापीठं आहेत आणि म्युनिकच्या मानाने खोलीचं भाडं पुष्कळ कमी पडतं. डोंबिवलीत राहून रोज मुंबईला जाणाऱ्यांना हा हिशेब मी काय सांगावा!

बारावीनंतर लगेच पाठवायचं म्हणत असाल तर जरा थांबा. जे. ई. ई. अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असलेल्यांचं सोडलं तर बहुतेकांना आधी इथल्या मान्य विद्यापीठात एक वर्ष पूर्ण करावं लागतं किंवा तिथे वर्षभराची पूर्वतयारी. शिवाय सरकारी विद्यापीठांतले पदवीचे अभ्यासक्रम बहुतांशी जर्मन भाषेत असतात. मास्टर्सला इंग्रजी अभ्यासक्रम भरपूर आहेत. तरीही भाजी घ्यायला, घरमालकाशी बोलायला आणि पुढे नोकरीला जर्मन लागतंच. काळा घोड्याच्या मॅक्स म्यूलर भवनात शिकवतात. इथे आसपासही वर्ग निघाले आहेत. दोन पायऱ्या इथेच करून गेलेली मुलगी तिकडे पहिल्या महिन्यात रडत नाही.

कागद आणि नावांची भानगड

आता आपल्या हातातलं काम. ऑक्टोबरात सुरू होणाऱ्या हिवाळी सत्राची तारीख साधारण १५ जुलै असते. पण परदेशी मुलांना पुष्कळ विद्यापीठं मार्च किंवा मेअखेरच गाठ घालतात. म्हणून गणपती उठले की कामाला लागावं.

पहिलं काम, ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा एकत्र उतारा. मुंबई विद्यापीठाच्या मुलांचं हे काम कलिन्याच्या परीक्षा विभागाकडे असतं. एकाच वेळी जास्त प्रती काढून ठेवा. दुसरं, ए. पी. एस.चं प्रमाणपत्र. जर्मन वकिलातीच्या या दिल्लीच्या विभागाकडून आपले शैक्षणिक कागद तपासून घ्यावे लागतात. १ नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी ते बंधनकारक झालं आहे. त्याची फी १८,००० रुपये. आठवड्यांनी वेळ लागतो, म्हणून अर्ज भरायच्या आधीच हे हातात हवं. एकदा मिळालं की त्याची मुदत संपत नाही. तिसरं, इंग्रजीची परीक्षा.

आणि आता नावांची भानगड. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं, आणि खाली आईचं. पासपोर्टवर क्रम निराळा. एका कागदावर 'श्रद्धा', दुसऱ्यावर इंग्रजीत एक अक्षर जास्त. जर्मन माणूस असल्या अक्षरावर अडून बसतो. त्याहून मोठी अडचण आपली स्वतःची. कित्येकींची नावं लग्नात तांदळात लिहून बदलली. मुलीच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आईचं नाव सासरचं, आणि आपल्या जुन्या बँकखात्यावर, माहेरून मिळालेल्या घराच्या कागदांवर नाव माहेरचं. शिक्षणकर्जात तुम्ही सहअर्जदार असाल, किंवा तुमच्या नावची ठेव तारण द्यायची असेल, तर बँक विचारणारच, या दोघी एकच कशावरून? विवाह नोंदणीचा दाखला काढलेला नसेल तर आधी तो काढा. पहिलं नावच बदललेलं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची नोंद करून घेता येते, अर्ज ऑनलाइन होतो. ही कामं ऐन जूनमध्ये निघाली तर जीव मेटाकुटीला येतो.

पुष्कळ सरकारी विद्यापीठं अर्ज 'उनि-असिस्ट' नावाच्या संस्थेमार्फत घेतात. पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो. काही विद्यापीठं थेट अर्ज घेतात, कित्येक फुकट. पाच-सहा अर्ज पुरे होतात. सल्लागाराची मदत घ्यायचीच असेल तर घ्या, पण अर्जातला ई-मेलचा पत्ता आणि पासवर्ड मुलीच्याच हातात हवा. विद्यापीठाचं उत्तर आधी दुसऱ्याने वाचावं आणि मग आपल्याला सोयीचं तेवढं कळवावं, ही रीत कशाला हवी? पत्रही तिनेच लिहावं. एकाच कचेरीतून निघालेली सारखी पत्रं तिकडे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतात.

बारा लाखांचा हिशेब

फी नाही म्हणजे खर्च नाही असं नव्हे. व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्या-जेवण्याचे पैसे आधीच एका खात्यात ठेवून दाखवावे लागतात. त्याला 'ब्लॉक्ड अकाउंट' म्हणतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो ठरवली गेली. युरो शंभर रुपयांचा धरला तर बारा लाखांच्या घरात. अधूनमधून ती वाढते, म्हणून भरण्याआधी वकिलातीचा ताजा आकडा पाहावा. हे पैसे जात नाहीत, तिथे पोचल्यावर मुलीला दरमहा ९९२ युरो याप्रमाणे परत मिळतात. विम्याचे महिन्याला दीडशे युरोच्या आसपास यातूनच जातात, मग खोली, मग पोट. विमानाचं तिकीट, सुरुवातीची अनामत, थंडीचे कपडे हे सगळं वेगळं.

दुसऱ्या वर्षाचं काय, हा प्रश्न घरात कुणीच विचारत नाही. मार्च २०२४ पासून तिथे विद्यार्थ्यांना वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पण पहिल्या सेमिस्टरला कामाच्या भरवशावर पाठवू नका. अभ्यास झेपेपर्यंत सहा महिने जातात. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला अठरा महिने राहता येतं, कर्जफेडीची आशा धरायची ती त्यावर.

कर्ज घ्यायचं तर राष्ट्रीयीकृत बँकेत आधी विचारा. साडेसात लाखांच्या पुढे तारण मागतात. राहतं घर तारण ठेवायचं असेल तर घरातल्या सगळ्यांसमोर बोलून ठेवा, नंतर दिरा-जावांत कुरबूर नको. स्वतःचे पैसे वर्षात दहा लाखांच्या वर बाहेर पाठवले तर बँक वरच्या रकमेवर थोडा कर आधी वसूल करते, तो विवरणपत्र भरताना हिशेबात धरला जातो. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. जे. एन. टाटा एन्डॉवमेंटची कर्जाऊ शिष्यवृत्ती तर १८९२ पासून चालू आहे. तिच्या पहिल्या दोन मानकरी दोघीही बायका होत्या, आणि त्यांतल्या एक आपल्या कृष्णाबाई केळवकर.

प्रवेशपत्र आलं की त्याच आठवड्यात व्हिसाच्या तयारीला लागा. पूर्वी व्हिसा नाकारला तर फेरविचाराची विनंती करता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता नव्याने अर्ज करायचा नाहीतर जर्मनीतल्या कोर्टात जायचं. म्हणून पहिल्याच अर्जात एकही कागद कमी नको.

आणि त्याच दिवशी वसतिगृहालाही अर्ज करायला सांगा. प्रत्येक विद्यापीठगावात 'श्टुडीरेन्डेनवेर्क' म्हणून विद्यार्थ्यांची सोय पाहणारी संस्था असते. तिच्या खोल्या स्वस्त असतात, पण प्रतीक्षायादी लांबलचक. खासगी खोली पाहाल तर, घर न पाहता आणि करार हाती न येता अनामत पाठवू नका. फोटो सुंदर, भाडं कमी आणि मालक म्हणतो मी परगावी आहे, किल्ली टपालाने पाठवतो, असं असेल तर ते फसवणुकीचंच लक्षण. पहिले काही आठवडे विद्यार्थ्यांच्या साध्या लॉजवर काढले तरी चालतील, त्याचे पैसे मात्र बारा लाखांत धरू नका, वेगळे काढून ठेवा.